होम बघायला नको, रचायला या

शिमगा जवळ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो : होम किती वाजता लागणार? डोंबिवलीहून, नालासोपाऱ्याहून, पुण्याहून, सगळीकडून हेच. दादा वेळ कळवतो आणि मग गाड्यांची जुळवाजुळव सुरू होते. पौर्णिमेच्या रात्री पोचायचं, होम बघायचा, पालखीला खांदा द्यायचा, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी धरायची. नोकऱ्या आहेत, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात, सगळं मान्य. तरीही मला दरवर्षी वाटतं की ही आपली माणसं सण सरता सरता येतायत. होमाला चूड, म्हणजे पेटती जुडी, लागते तोवर शिमग्यातला अर्ध्याहून जास्त भाग होऊन गेलेला असतो. तो कुणी बघतच नाही, म्हणून आज त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे.

माझं माहेर गुहागर तालुक्यात, शृंगारतळीच्या बाजारपेठेपासून आत. सासर कराड. मध्ये कुंभार्ली घाट. कराडला आमच्या गल्लीत होळी असते ती संध्याकाळची. दारापुढे रांगोळी, मधोमध एरंडाची फांदी, भोवती शेण्या, ऊस. सासूबाई पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायच्या, दूध-तूप घालायच्या, मुलं पालथा हात तोंडावर मारत बोंबा मारायची आणि तासाभरात सगळे जेवायला आत. दुसऱ्या दिवशी त्याच विस्तवावर पाणी तापवून मुलांना अंघोळ, म्हणजे उन्हाळा बाधत नाही. मला ती होळी आवडते, आजही मनापासून करते. पण ती घराची होळी. घाट उतरलं की होम गावाचा होतो. एका घराला तो पेलवतच नाही.

आमच्याकडे सुरुवात होते फाल्गुन शुद्ध पंचमीला, फाकपंचमी म्हणतात तिला. त्या रात्रीपासून रोज एक लहान होळी. वाडीतली पोरं संध्याकाळी गवत, काटक्या, पातेरा गोळा करतात आणि अंधार पडला की सहाणेपाशी, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, पेटवतात. ती आग गुडघाभर उंचीची. पण त्या आगीपाशी रोज कुणी ना कुणी म्हातारं माणूस येऊन बसतं आणि पोरांना कळतं की कुठलं लाकूड धूर करतं, कुठलं नुसतं फुलून जातं, कुठल्याचा निखारा पहाटेपर्यंत राहतो. ऐन आणि किंजळ यांचा विस्तव टिकतो. आंब्याची ओली फांदी चरचरत बसते. बांबूची कांडी आत हवा कोंडल्यामुळे फटाक्यासारखी फुटतात, म्हणून पोरं ती चोरून घालतात आणि ओरडा खातात. रोज रात्री थोडंथोडं असं शिकत शिकत पौर्णिमा येते. आता बऱ्याच वाड्यांत या लहान होळ्यांना चार-पाच पोरंही मिळत नाहीत. मोठा होम मात्र दणक्यात होतो. मला हे उलटं वाटतं.

तिथीचंही गावोगाव वेगळं. काही गावांचा शिमगा त्रयोदशीचा, तो तेरसा. काहींचा पौर्णिमेचा, तो भद्रेचा. आमचा भद्रेचा. त्यामुळे लहानपणी आम्हाला दोन होम मिळायचे, एक आत्याच्या गावचा आणि एक आपला.

होळी म्हणजे झाड आणि होम म्हणजे लाकूड-गवताची रास, या आमच्याकडे दोन गोष्टी. होळीसाठी कुठे आंबा, कुठे पोफळ, रत्नागिरीच्या बाजूला सुरमाड. आमच्याकडे सावर. फाल्गुनात सावर पानं टाकून नुसती लाल फुलांनी भरलेली असते, रानात लांबून ओळखू येते. कुणाच्या जागेतली घ्यायची ते आधी ठरतं. मालकाला विचारतात, झाडापाशी नारळ ठेवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि मगच पहिला घाव. तोडलेलं झाड जमिनीला टेकू न देता खांद्यावर आणायचं. उताराची पायवाट, मध्ये पऱ्या म्हणजे ओढा, पलीकडे वरकस म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीचे बांध. पुढचा माणूस ओरडतो, मागचे त्याच्या सुरात सूर मिळवतात आणि "होलियो" म्हणत ते धूड हलतं. एरवी वर्षभर एकमेकांशी न बोलणारे दोन चुलतभाऊ त्या झाडाखाली मागेपुढे असतात. दोघांचे खांदे सारख्या उंचीचे म्हणून लावलेले. तिथे भांडण आठवायला वेळ नसतो, पाय घसरला तर दोघेही जातात.

आता होम. याच्याबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण बहुतेकांना वाटतं लाकडं टाकली की झाला होम.

आमच्या काकांकडे रचायचं काम असायचं. मान वेगळ्या घराचा, पण हात काकांचा. ते आधी जागा झाडून घेत, मग वारा बघत. पहाटेचा वारा डोंगराकडून खाली समुद्राकडे उतरतो, संध्याकाळी तोच उलटा होतो. होम पहाटे लागायचा म्हणून रचताना पहाटेचाच वारा धरायचा. मध्ये एक सरळ खांब. त्याच्याभोवती जाड ओंडके उभे, डोकी आत झुकलेली. "गो बाय, आडवं नको घालू, उभं ठेव, वाट ठेव त्याला," असं ते मला सांगायचे. वाट म्हणजे हवेची. उभ्या लाकडांमधून हवा खालून वर ओढली जाते आणि ज्वाळा सरळ जाते. आणि डोकी आत झुकवलेली असली की जळता जळता रास आतल्या आत बसते, बाहेर माणसांच्या अंगावर कोसळत नाही. मोठ्या ओंडक्यांच्या फटीत मधली लाकडं, त्यांच्या फटीत काटक्या, पोटात भाताचा पेंढा. एका बाजूला हात जाईल एवढं तोंड राखायचं, चूड तिथून आत घालायची. सगळ्यात वर गवत, थरावर थर, वरून खाली छपरासारखं साकारलेलं. फाल्गुनात आमच्याकडे पहाटे दव पडतं. वरचं गवत ओलं होतं, पण पोटातला पेंढा कोरडा राहतो आणि तोच पहिल्यांदा धरतो. काका रात्री जेवून आल्यावर पुन्हा एकदा त्या तोंडात हात घालून पेंढा कोरडा आहे ना ते चाचपून बघायचे. मी त्यांच्यामागे कंदील घेऊन उभी असायची.

लाकूड कुठून आणायचं यालाही नेम आहे. प्रत्येक घरातून काहीतरी आलंच पाहिजे. मोठा ओंडका असो नाहीतर एक मोळी. ज्या घरात कुणी राहिलं नाही, कुलूप आहे, त्यांच्या नावाचं लाकूड शेजारी आणतो. देवराहाटीतल्या, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानातल्या, जिवंत झाडाला हात लावायचा नाही. पण तिथं आपोआप पडलेलं लाकूड देवाच्या कामाला चालतं, म्हणून पावसाळ्यात कोसळलेला एखादा ओंडका वर्षभर तसाच पडून राहतो. चुलीला तो कुणी आणत नाही. तो होमाची वाट बघतो.

मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की तो ढीग म्हणजे गावाची हजेरी असते. कुठल्या वाडीचं किती आलं, कुणाच्या घरचं यंदा आलं नाही, का आलं नाही, सुतक आहे की रुसवा, हे सगळं रचताना कळतं. रुसवा असला तर दोन माणसं उठून त्या घरी जातात. माणूस म्हणतो, मला कुणी विचारलंच नाही. मग विचारतात. आणि रात्री उशिरा का होईना, त्या घरातला मुलगा खांद्यावर लाकूड टाकून येतो. पेटलेल्या होमात हे काहीच दिसत नाही.

पहाटे पालखी येते. पालखीत देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, लागलेली, रेशमी वस्त्रं, ढोल-ताशे, सनई. होमाची पूजा होते आणि गाऱ्हाणं घातलं जातं. गाऱ्हाणं ऐकायचं असेल तर पुढे या, मोबाईल खाली ठेवा. गुरव एकेक मागणं उच्चारतो आणि जमाव "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला जोड देतो. गुराढोरांना सुखी ठेव. शेतीभातीला पाऊस वेळेवर दे. ज्यांच्या घरात पाळणा नाही त्यांच्याकडे बघ. जी लेकरं पोटासाठी मुलखाबाहेर गेली त्यांना जिथं असतील तिथं सांभाळ. या शेवटच्या मागण्याला आवाज सगळ्यात मोठा येतो, कारण ते म्हणणाऱ्यांत निम्मे स्वतःच मुलखाबाहेर गेलेले असतात. मी घाटावर राहते, तर माझाही त्यात नंबर लागतो.

मग मानकऱ्याच्या हातातली चूड आत जाते. आधी काहीच होत नाही. नुसता धूर, पांढरा, ओल्या गवताचा. लोक गप्प होतात. आणि मग आतून पेंढा धरल्याचा आवाज येतो, वाऱ्याने जोराने श्वास घ्यावा तसा, आणि ज्वाळा एकदम वर. सगळे दोन पावलं मागे सरकतात. पालखी होमाभोवती फिरते. वर्षभरात लग्न झालेली जोडपी होमात नारळ देतात, नवसाचे नारळ पडतात. पोरं लांब काठ्यांनी ते बाहेर ओढतात. सोडण जळून काळं झालेलं, करवंटी तडकलेली, आतलं खोबरं करवंटीपासून सुटलेलं आणि कडेनं तांबूस. धुराचा वास असलेलं ते गरम खोबरं मी आजवर खाल्लेल्या कुठल्याही प्रसादापेक्षा चांगलं लागतं. सकाळी राख कपाळाला लावतात, पुडीत बांधून मुंबईला नेतात.

होलिका आणि प्रल्हादाची गोष्ट शाळेत सगळ्यांना शिकवतात. आजी मात्र ढुंढा राक्षसीची सांगायची. ती लहान मुलांना पीडायची, तिला घालवायला लोकांनी गावात जागोजाग आगी पेटवल्या आणि आरडाओरडा केला, म्हणून बोंब मारायची. लहान मुलांच्या आजारांनी घरं रिकामी व्हायची त्या काळात आयांनी ही गोष्ट किती घट्ट धरून ठेवली असेल, ते मला आई झाल्यावर कळलं. बोंबा मारण्यातला हा भाग मला पटतो. कुणा एकाच्या बायकोचं, मुलीचं नाव घेऊन घाण बोलायची जी रीत मध्ये काही वर्षं होती ती मला कधीच पटली नाही, आणि आमच्या वाडीने ती बंद केली याचा मला आनंद आहे.

आगीभोवती माणसं किती वेगवेगळं करतात! चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्यात होल्टेहोम असतो, जळती लाकडं एकमेकांच्या दिशेने फेकतात. दक्षिण गोव्यात मळकर्ण्याला शेणी उजो असतो, तिथे पेटत्या शेण्यांच्या ठिणग्या अंगावर घेत लोक अनवाणी नाचतात. तिकडे सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावची राजवाडी होळी तर पहाटेचीच. उंच बांबू उभा करतात, रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्या-बावा तिथे बघायला मिळतात, आणि त्यासाठी त्यांनी आधी कित्येक दिवस व्रत पाळलेलं असतं. काठीला मला एकदा जायचंय. तिथंही माझी खात्री आहे की खरं बघण्यासारखं असेल ते तो बांबू आणण्यात.

आमच्याकडे आग आणि शेती यांचंही नातं आहे. शिमग्याच्या मागेपुढे भाजावळ चालते. ज्या तुकड्यात भाताचा तरवा, म्हणजे रोपं, करायचा ती दाढ भाजायची : शेण, त्यावर तोडलेला टहाळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि वर बारीक माती. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायची म्हणजे हळूहळू आत जळत जाते. तणाचं बी मरतं, राख मातीत मिसळते, पावसात रोप सहज उपटून येतं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ सालापासून आहे, आणि झाडं तोडून भाजण्याऐवजी दुसरे उपाय करा हे शेतीच्या जाणकारांचं सांगणं आता घराघरांत पोचलंय. ते योग्यच आहे, टहाळासाठी ओरबाडलेली ऐनाची झाडं मी पाहिली आहेत. पण आग कशी धरायची, कुठे अडवायची, कुठल्या वाऱ्याला हात लावायचा नाही, हे ज्ञान या भाजावळीतून आणि होमातून पिढ्यान्‌पिढ्या आलं. ते गेल्यावर काय होतं ते दर उन्हाळ्यात दिसतं. कुणीतरी बांधावरचं गवत पेटवून घरी जातं आणि वणवा काजूच्या, आंब्याच्या बागेत घुसतो. ऐन मोहोरात, ऐन फळधरणीत. होमाभोवती मात्र अख्खी रात्र माणसं बसलेली असतात, पाण्याच्या कळशा आणि ओल्या टहाळ्या हाताशी ठेवून. आग एकटी सोडायची नाही, हे तिथं सांगावं लागत नाही.

एका गोष्टीवर बोलणं टाळतात, मी बोलणार आहे. मानपान. चूड कुणी लावायची, पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ आधी कुणाचा. कोकणात यावरून गावं दुभंगली आहेत, वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालतायत, शिमगा आला की पोलीस येऊन बसतात आणि जमावबंदीचा कागद लागतो. आमच्या ओळखीच्या एका गावात कितीतरी वर्षं पालखी बाहेरच निघाली नव्हती. देवी आत, लोक बाहेर, आणि होमाच्या जागेवर गवत उगवलेलं. मान असू दे, मी त्याच्या विरोधात नाही. कुणाच्या पूर्वजांनी गाव वसवलं त्याची ती आठवण आहे. पण चूड लावायला एक हात पुरतो. लाकडं आणायला शेकडो लागतात. ज्यांनी लाकडं आणली त्यांना वगळून चूड कुणाची यावर भांडणं ही त्या होमाची विटंबना आहे असं मला वाटतं.

आणि बायका. होमावरचं गवत कापतं कोण? दिवाळीनंतर वरकसावर कोयती घेऊन आई, काकू, आत्या जायच्या. भारे बांधून डोक्यावरून आणायच्या, गोठ्याच्या माळ्यावर रचायच्या, त्यातला चांगला भारा "होमाचा" म्हणून बाजूला ठेवायच्या. आणि होमाच्या पहाटे त्याच बायका लांब बांधावर उभ्या. आईला मी विचारलं होतं, तुला पुढे जावंसं नाही वाटत? ती म्हणाली, "माझं गवात पुढंच हाय की." तिचं समाधान तिच्यापाशी, मला ते पुरत नाही. २०२१ ला करोनामुळे सरकारने शिमग्यावर बंधनं घातली, पालखी घरोघरी फिरवायला मनाई झाली, मुंबईकरांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. गावात हात कमी पडले. तेव्हा वहिनी आणि शेजारच्या दोघी-तिघी भारे घेऊन थेट राशीपाशी गेल्या आणि वरचं गवत त्यांनी साकारलं. कुणी काही बोललं नाही, बोलायला माणसंच कुठे होती. तेव्हापासून वरचा थर बायकाच घालतात. दादा म्हणतो, काका गेल्यानंतर एवढं नीट गवत पहिल्यांदाच बसलं.

तर यंदा येणाऱ्यांसाठी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा चिपळूणचं तिकीट पौर्णिमेच्या रात्रीचं न काढता द्वादशीचं काढा. एवढी सुट्टी मिळत नसेल तर पालखी घरी येते त्या दिवसाची कापा आणि इकडे लावा. पालखीला वहिनी आहे, ओटी भरेल. त्रयोदशीला सकाळी न्याहारी करून देवराहाटीकडे निघायचंय, तिथला आडवा पडलेला ऐन आणायला बरेच हात लागणार आहेत. कोयते घरात आहेत. अंगात पूर्ण बाह्यांचं काहीतरी जाड घाला, कारण यंदा वाटेवर खाजकुयली भरपूर आहे आणि शेंगा वाळून तयार झाल्यात. मुलांनाही घेऊन या. पेंढा आत भरायला लहान हात बरे पडतात. आणि डोंबिवलीच्या तिन्ही घरांचं लाकूड गेल्या पावसाळ्यापासून शेजारच्या अण्णांनी स्वतःच्या पडवीत काढून ठेवलंय, ते तुमचं तुम्ही उचला. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत.